डावीकडचे मामा दरवेळी पुसट: २४ मिमी एफ १.४ लेन्सचा एका बाजूचा सॉफ्टपणा

आधी सेटअप सांगतो, म्हणजे तुमच्याकडेही हेच प्रकरण आहे का ते ताडून बघता येईल. बॉडी फुल फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेली), ई माउंट (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची खोबण), २४ मेगापिक्सेल. लेन्स २४ मिमी एफ १.४, पण जुन्या ईएफ माउंटची, सेकंडहँड घेतलेली. म्हणून मध्ये ॲडॅप्टर, दोन्ही माउंट जोडणारा तुकडा. काम मुख्यतः लग्नाचं, जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं, बाकी वर्षभर बारशापासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत येईल ते.

तक्रार अशी. अक्षता पडल्या की स्टेजवर ग्रुप फोटोंची रांग लागते. हॉलमधला लाइट यथातथा, मागं सरकायला जागा नाही, पुढं खुर्च्या. वाइड लावायची आणि उघडी ठेवायची, म्हणजे ॲपर्चरचं छिद्र एफ १.४ वर पूर्ण उघडं; दुसरा इलाज नसतो. घरी येऊन शंभर टक्के झूम केलं की मधले नवरा-नवरी चोख, उजव्या टोकाच्या मावशींच्या साडीचा काठ धाग्यासकट दिसतो, आणि डाव्या टोकाचे मामा पुसट. मिशी आहे की सावली आहे ते कळत नाही. तोच फोटो एफ ८ वर, म्हणजे छिद्र बरंच बारीक करून, काढला की मामा परत येतात.

पहिल्यांदा मी मामांनाच दोष दिला. हलले असतील म्हटलं. पुढच्या लग्नात दुसरे मामा पुसट, त्याच्या पुढच्या लग्नात काका. सोलापुरात डावीकडं उभी राहणारी माणसंच तेवढी हलतात, असं तर नसेल ना? मग लेन्सला शिव्या सुरू झाल्या. दोन वर्षांत हे तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. फोटो मात्र तिन्ही वेळा सारखाच दिसत होता, सगळा घोळ त्यानंच घातला. फोटोकडं बघून निदान करायला गेलात की फसलात.

पार्क चौकात चहा घेताना ही रड एका जुन्या फोटोग्राफर मित्रापुढं मांडली. त्यानं कपातून नजरही वर न काढता सांगितलं, "लेन्सला काय शिव्या देतोस, कॅमेरा उलटा कर की बे."

मी चेष्टा समजलो. पण यापेक्षा सोपी आणि पक्की चाचणी मला आजवर सापडलेली नाही. एक फोटो नेहमीसारखा काढायचा. दुसरा, कॅमेरा अक्षरशः उलटा करून, तळ वर, त्याच जागेवरून, त्याच भिंतीचा. कॅमेऱ्यातलं ऑटो रोटेट आधी बंद करून ठेवा, नाहीतर नंतर कुठला फोटो कुठला यात तुम्हीच गोंधळाल. आता दुसरा फोटो कॉम्प्युटरवर फिरवून सरळ करायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. पुसटपणा भिंतीच्या त्याच विटांवर राहिला तर दोष समोर आहे: भिंत, रांग किंवा तुम्ही वाकडे. पुसटपणा उडी मारून उजवीकडच्या विटांवर गेला तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे दोष लेन्स, ॲडॅप्टर किंवा बॉडीत आहे. एवढं कळेपर्यंत बाकी काहीही करू नका. सर्व्हिस सेंटरला फोन तर अजिबात नको.

भिंतीवर काय लावायचं, यावर माझे दोन रविवार गेले. सोलापूरचा माणूस, म्हणून आधी चादरच टांगली. जॅकार्डची वीण, दोन्ही टोकांना तीच नक्षी, मनात म्हटलं याच्यापेक्षा चांगला टेस्ट चार्ट कुठला? पण चादर मध्ये पोट काढते. गच्चीवर वारा आला की ते पोट हलतं, आणि एफ १.४ ला ते पोटसुद्धा फोटोत दिसतं. शेवटी रद्दीतून एकाच दिवसाच्या पेपरचे पाच अंक काढले आणि एकच पान भिंतीच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध चिकटवलं. एकच मजकूर पाच ठिकाणी आला की डोळ्याला तुलना करायला काही कष्ट पडत नाहीत. भिंत तीन मीटर रुंद असेल तर २४ मिमीला दोन मीटरवर उभं राहा, फ्रेम बरोबर भरते.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे हे कसं ओळखायचं? अंदाजानं नाही. मधल्या पेपरवर एक छोटा सपाट आरसा चिकटवायचा, भिंतीला अगदी घट्ट. व्ह्यूफाइंडरमध्ये त्या आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की तुम्ही काटकोनात. दोन रुपयांच्या आरशानं माझं पहिलं प्रकरण तिथंच मिटलं: प्रतिबिंब मध्यापासून चांगलंच सरकलेलं होतं. मला उजव्या पायावर जोर देऊन उभं राहायची सवय आहे, त्यामुळं कॅमेरा कायम थोडा वळलेला. त्यात भर म्हणजे मी मधल्या पॉइंटनं टोकाच्या माणसावर फोकस घेऊन फ्रेम परत मध्ये आणत होतो. टोकाचा माणूस तुमच्यापासून तिरकं मोजून ४ मीटरवर आणि फ्रेमच्या मध्यापासून ३० अंशांवर असेल तर फ्रेम वळवल्यावर फोकसचा पडदा (जिथं सगळं चोख येतं ती पातळी) त्याच्या मागं अर्ध्या मीटरहून जास्त सरकतो. फोकस पॉइंटच हलवायला शिकलो आणि दोन महिने सुखात गेले.

मग डावीकडचे मामा पुन्हा पुसट झाले.

या वेळी उलटा कॅमेरा केल्यावर पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला. म्हणजे प्रकरण आत आहे. आता लेन्स, ॲडॅप्टर की बॉडी? त्याच बॉडीवर तिची स्वतःची ई माउंटची साधी लेन्स लावून बघितली, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे सेन्सर वाकडा नाही. राहिले दोन: लेन्स आणि ॲडॅप्टर.

इथं एक युक्ती फार उपयोगी पडली. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंत तीच, स्क्रीनवर डावा कोपरा मॅग्निफाय करा आणि फोकस रिंग अगदी हळू दोन्हीकडं फिरवा. कुठंतरी एका ठिकाणी तो कोपरा लख्ख होतो का बघा. होत असेल तर काच ठीक आहे, फक्त फोकसचा पडदा तिरका झालाय. कितीही फिरवून कोपरा शेणासारखाच राहिला तर आतलं एलिमेंट सरकलंय, म्हणजे डिसेंटर. माझा कोपरा रिंग अनंताकडं किंचित नेल्यावर एकदम उघडला. पडदा तिरका आहे, हे ठरलं.

आणखी एक खूण आधीपासून समोर होती, मी तिच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. दूरवरच्या मोबाईल टॉवरवर फोकस केला की रिंगवरचा काटा अनंतावर न थांबता ७ मीटरच्या आसपास थांबायचा. हिशोब साधा आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ईएफमध्ये ४४ मिमी, ई माउंटमध्ये १८ मिमी, म्हणजे ॲडॅप्टर बरोबर २६ मिमी जाड पाहिजे. तो पातळ असेल तर लेन्स सेन्सरच्या जास्त जवळ येते आणि ती तूट रिंगनं भरून काढावी लागते. २४ चा वर्ग ५७६, त्याला ७००० मिमीनं भागलं की ०.०८ मिमी. तेवढा ॲडॅप्टर पातळ. अनंत हमखास गाठता यावं म्हणून बरेच ॲडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात, हे खरं आहे. पण पातळ असण्यापेक्षा सगळीकडं सारखा पातळ नसणं जास्त वाईट.

ॲडॅप्टर घेऊन मी एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या अण्णांकडं गेलो. त्यांचं आयुष्य यंत्रमागाचे भाग करण्यात गेलेलं, कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. त्यांनी ॲडॅप्टर दोन बोटांत धरून उजेडात फिरवला, मग भंगारातून एक तुकडा काढून लेथवर कडं कातलं. ॲडॅप्टरच्या खालच्या बाजूच्या पाकळ्या कड्याच्या आत बसल्या पाहिजेत आणि फक्त सपाट कडा वर टेकली पाहिजे, म्हणून. ते कडं सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट पाट्यावर, त्यावर ॲडॅप्टर, वरून डायल गेजची टोकदार सुई. मग त्यांनी ॲडॅप्टर तळहातानं हळूहळू गोल फिरवला. काटा शून्यावरून निघाला, सावकाश सरकत पलीकडच्या बाजूला बारा घरं गेला आणि फेरा पुरा झाल्यावर परत शून्यावर आला. एक घर म्हणजे ०.०१ मिमी. म्हणजे एका बाजूपेक्षा दुसरी बाजू ०.१२ मिमीनं उतरती.

"एवढंच होय मालक? झेरॉक्सच्या कागदाएवढा फरक आहे की," अण्णा म्हणाले.

कागदाएवढाच. पण एफ १.४ ला कागद फार जाड असतो. ६० मिमीच्या कड्यावर ०.१२ मिमीचा उतार म्हणजे सेन्सरच्या कडेला, मध्यापासून १८ मिमीवर, फोकस साधारण ०.०३६ मिमी चुकतो. त्याला १.४ नं भागा: प्रत्येक बिंदूचा ०.०२६ मिमीचा डाग. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर एक पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे डाग चार पिक्सेलांहून मोठा. मामांची मिशी त्यात गेली. तोच ०.०३६ एफ ८ ला ८ नं भागला की डाग एका पिक्सेलाच्याही आत येतो. एफ ८ वर मामा परत का येत होते, त्याचं उत्तर हे. किटच्या झूम लेन्सवर हाच ॲडॅप्टर कुणाला वर्षानुवर्षं खटकणार नाही.

तुम्ही विचाराल, पडदा तिरका असेल तर डावी बाजू पुढं आणि उजवी मागं, दोन्ही पुसट व्हायला पाहिजेत. मावशी कशा वाचल्या? मलाही हे कोडं आठवडाभर सुटलं नव्हतं. उत्तर फील्ड कर्व्हेचरमध्ये आहे. उघड्या वाइड लेन्सचा फोकसचा पडदा मुळातच पूर्ण सपाट नसतो, वाटीसारखा थोडा वाकलेला असतो. माझ्या लेन्सची वाटी कॅमेऱ्याकडं वळलेली आहे. डावीकडं तिरकेपणा आणि वाकडेपणा एकाच दिशेनं मिळून बेरीज झाली, उजवीकडं एकमेकांविरुद्ध जाऊन वजाबाकी. मावशींचं नशीब. स्वतःच्या लेन्सची वाटी बघायची असेल तर हॉलच्या भिंतीला सोडा आणि मैदानात जा. गुडघ्याच्या उंचीवरून बारीक खडी किंवा गवताचा उघडा फोटो काढा आणि शार्प पट्टा कसा जातो ते बघा: सरळ, मिशीसारखा वर-खाली, की एका टोकाला खाली पडलेला. होम मैदान यात्रेच्या बाहेरच्या दिवसांत यासाठी झकास आहे. फक्त सकाळी नऊच्या आत जा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी जमिनीवरची हवाच इतकी थरथरते की लाखाची लेन्सही सॉफ्ट दिसेल. एका पोरानं भर उन्हात काढलेले असले फोटो दाखवून लेन्स परत करायचा हट्ट धरला होता, त्याला मोठ्या मुश्किलीनं थांबवलं.

नवा ॲडॅप्टर घेतला तो आधी अण्णांच्या गेजखाली गेला. काटा दोन घरं हलला. चालतंय.

तिसरी वेळ माझ्याच कर्मानं आली. विजापूर रोडवर स्पीडब्रेकर दिसला नाही, गाडी उडाली, बॅग पडली. लेन्सवर ओरखडा नाही, फोकस व्यवस्थित, म्हणून निर्धास्त होतो. पुढच्याच लग्नात मामा गेले. कॅमेरा उलटा केला, दोष फिरला. गेजवर ॲडॅप्टर ठीक. पण या वेळी डावा कोपरा मॅग्निफाय करून रिंग कितीही फिरवली तरी उघडेना.

डिसेंटरची खात्री करायला रात्री गच्चीवर गेलो आणि मोबाईल टॉवरचा लाल दिवा फ्रेमच्या अगदी मधोमध घेतला. फोकस थोडा बिघडवायचा, दिव्याचा गोल होतो. तो गोल सगळीकडून सारखा उजळला पाहिजे. माझा गोल अंड्यासारखा, आणि उजेड एका कडेला गोळा झालेला. कोपऱ्यात असं दिसलं तर मनावर घ्यायचं नाही, तो लेन्सचा स्वभाव. मधोमध दिसलं तर आतलं काहीतरी अक्षावरून सरकलंय, यात वाद नाही. यावर घरगुती उपाय नाही. टूथपिकनं रिंग उघडायचे व्हिडिओ बघू नका. लेन्स पुण्याला पाठवली, तीन आठवड्यांनी आली, गोल गोल झाला.

एवढ्या वेगवान वाइडमध्ये हे लवकर का होतं, ते समजलं की राग थोडा कमी होतो. आरसा असलेल्या ईएफ कॅमेऱ्यात माउंट सेन्सरपासून ४४ मिमी लांब असतं आणि फोकल लांबी तर २४. म्हणून पुढं उजेड पसरवणारा गट आणि मागं तो गोळा करणारा गट अशी उलटी टेलीफोटो रचना करतात, रेट्रोफोकस. फ्रान्सच्या आंजेन्यूनं १९५० साली ३५ मिमी एफ २.५ लेन्स याच नावानं काढली होती. जुन्या सममित वाइडमध्ये पुढचा अर्धा मागच्या अर्ध्याचा कोमा (कडेच्या दिव्याला शेपूट फुटणं) आणि डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) परस्पर फेडायचा. रेट्रोफोकसमध्ये ती सोय गेली. मग एकमेकांच्या चुका सावरणाऱ्या जोरकस काचा एकामागं एक बसवाव्या लागतात. त्यातली एक जराशी हलली तरी सगळ्या रचनेचा तोल जातो.

काही गोष्टी दोषच नसतात, त्यांच्यासाठी पुण्याची चक्कर मारू नका. यात्रेत सात नंदीध्वज निघतात, खाली पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, वर दिव्यांच्या माळा. एफ १.४ ला कोपऱ्यातल्या प्रत्येक बल्बला पंख फुटतात, उडत्या पाखरासारखे. तो कोमा. चारही कोपऱ्यांत पंख सारखे असतील तर लेन्स निरोगी आहे. कॅननने १९७५ साली एफडी माउंटची २४ मिमी एफ १.४ काढली, तिच्यात ॲस्फेरिकल (गोलाच्या वळणाची नसलेली) काच घातली ती असल्याच चुका आवरायला, आणि आजही उघड्या वाइडमध्ये थोडे पंख राहतातच. एफ २.८ वर या. ॲपर्चरचा व्यास निम्मा झाला की मूळ कोमा पाव होतो, गोलीय दोष (काचेच्या मधल्या आणि कडेच्या किरणांचा फोकस वेगळा पडणं) एक-अष्टमांश होतो, पण फील्ड कर्व्हेचरचा डाग निम्माच होतो. म्हणून एफ २.८ ला पंख जातात आणि तरी कोपरे पूर्ण खुलत नाहीत. शोभेच्या दारूकामाला तर ही लेन्स उघडायची गरजच नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन-चार सेकंद, झालं. एफ १६ ला मात्र जाऊ नका, तिथं डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, सगळ्या फ्रेमलाच मऊ करतं.

कोपऱ्यातला अंधारही तसाच, एफ २.८ वर बराच निवळतो.

आणि टोकाची माणसं जाड दिसतात ही तक्रार. लेन्स बदलून ती जाणार नाही, कारण सपाट सेन्सरवर वाइड चित्र पाडण्याचाच तो परिणाम आहे. २४ मिमीला फ्रेमच्या कडेला डोकं सव्वापट रुंद होतं. एका काकूंनी अल्बम बघून मला चांगलंच सुनावलं होतं. तेव्हापासून टोकाला सडपातळ पोरं उभी करतो आणि काकूंना मानानं मध्ये बोलावतो. त्यांना वाटतं, आदर आहे.

बाकी किरकोळ: स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एकदा बघा, मागच्या काचेवर बोटाचा ठसा आहे का बघा, आणि एफ २.८ वर काढायचं असेल तर फोकसही एफ २.८ वरच घ्या, कारण या लेन्सचा फोकस ॲपर्चर मिटवताना थोडा मागं सरकतो.

सध्याची स्थिती: मामा शार्प आहेत. पुण्याहून आल्यापासून खालचा उजवा कोपरा एफ १.४ ला किंचित मऊ वाटतो. उलटा करून बघितला, फिरतो. पण ग्रुप फोटोत तिथं मांडववाल्याची वायरची पेटी असते, तेव्हा राहू दे म्हटलं.